गुलशनाबादचा रुपया आणि फोन न उचलणारा डीलर: एका वसुलीचं प्रकरण

जानेवारी २०२५ मध्ये पंचवटीतल्या एका काकूंनी दिवंगत यजमानांच्या संग्रहातली ४६ नाणी एका डीलरला विकून द्यायला दिली. डीलर दुसऱ्या शहरातला. नाशिकला भरलेल्या नाण्यांच्या प्रदर्शनात त्याचं टेबल होतं, तिथे ओळख झाली. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, चहा घेतला, अल्बम चाळला आणि म्हणाला, "काकू, एकदम विकलंत तर मातीमोल जाईल. माझ्याकडे ठेवा, एकेक करून चांगल्या गिऱ्हाइकाला देतो. पंधरा टक्के माझे." काकूंनी हो म्हटलं. पावती म्हणून त्याने आपल्या बिलबुकाच्या पानावर "जुनी नाणी, ४६ नग, विक्रीसाठी" एवढं लिहून सही केली.

मी काकांचा संग्रहातला सोबती. त्यांच्याबरोबर अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत कितीतरी रविवार घालवलेत. त्र्यंबक रोडवरच्या, १९८० साली सुरू झालेल्या या संस्थेच्या संग्रहालयाने आमच्या पिढीतल्या अनेकांना नाणं हातात कसं धरायचं इथपासून शिकवलं. त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिलं. काकूंच्या परवानगीने लिहितोय. नावं सगळी गाळली आहेत.

सुरुवात बरी झाली. मार्चमध्ये आठ नाणी ३६,००० रुपयांना गेली आणि कमिशन वजा जाऊन ३०,६०० रुपये काकूंच्या खात्यात आले. मे महिन्यात त्याने फोनवर सांगितलं, अजून पाच गेली, त्यात गुलशनाबादचा (म्हणजे जुन्या नाशिकच्या टाकसाळीचा) रुपयाही आहे, पण "पैसे फिरतायत, जरा थांबा". जूनमध्ये फोन उचलणं कमी झालं, जुलैत बंद. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. काकूंनी मला जूनमध्येच विचारलं होतं आणि मीच म्हणालो होतो, धंद्यात होतं असं, थोडं थांबू. ते दोन महिने मी फुकट घालवले. त्या दोन महिन्यांत काय काय हातचं गेलं, ते पुढे येईलच.

ऑगस्टमध्ये संग्राहकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच डीलरने एक रुपया विकायला टाकला. गुलशनाबाद टाकसाळ. फोटो मोठा करून बघितला आणि मी थेट पंचवटी गाठली.

इथे काकांच्या वहीबद्दल सांगायलाच हवं, कारण हे प्रकरण त्या वहीवरच उभं राहिलं. शंभर पानी, रेघांची, साधी वही. दर पानाला एक नाणं. वर टाकसाळ, खाली वजन. हे वजन सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या पेढीवर, काट्याचे दोन दशांश अंक बघून घेतलेलं. आणि मग पेन्सिलचा ठसा. नाण्यावर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. अक्षरं, कड, ओरखडे सगळं कागदावर उतरतं. हा कागद काका वहीत चिकटवायचे. गुलशनाबादच्या पानावर लिहिलं होतं: "११.२७ ग्रॅम. सराफाच्या दोन खुणा. एक गोल, कडेला, घड्याळात पाच वाजतात तिथे. दुसरी चंद्रकोरीसारखी, मधल्या ओळीखाली."

ज्यांचा नाण्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुलशनाबाद हे मुघल काळातलं नाशिकचं नाव. मराठ्यांच्या अमलात इथल्या टाकसाळीत रुपये पडले तेही मुघल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत, आणि टाकसाळ म्हणून हेच नाव राहिलं. असे रुपये हाताने पाडलेले. चांदीची चकती लहान आणि ठशाचा साचा तिच्यापेक्षा मोठा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळाच तुकडा उमटतो. त्यात सराफ मंडळी चांदी खरी आहे की आत काही भरलंय हे बघायला कडेला किंवा पृष्ठभागावर बारीक खूण ठोकायची. दोन रुपयांवर त्याच खुणा त्याच जागी असणं जवळपास अशक्य. अनेक खरेदीदार अशा खुणांना डाग समजतात. मालकी सिद्ध करायची वेळ येते तेव्हा याच खुणा बोलतात. नाशिककराला हे पटवून द्यायला नको. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, १३,००० हून अधिक नाण्यांचा, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारला होता, आणि तरी खालचा नहपान ओळखू येतो.

ग्रुपवरच्या फोटोत गोल खूण पाचच्या जागी होती. चंद्रकोरही जागेवर. म्हणजे मे महिन्यात "विकलेला" रुपया ऑगस्टमध्ये त्याच माणसाकडे विक्रीला होता.

काकूंच्या भाच्याचं म्हणणं होतं, ग्रुपवरच त्याला उघडं पाडू. काकूंचं म्हणणं, पोलिसात जाऊ. मी दोन्ही थांबवलं. ग्रुपवर चोर म्हटलं की तो बदनामीची नोटीस पाठवणार, आणि आपल्या नाण्यांचा विषय बाजूला पडणार. पोलिसांकडे जाण्याआधी मला एक वेगळीच गोष्ट खटकत होती. काकूंनी त्याला विकायला सांगितलं होतं आणि ते सांगणं अजून कुणी मागे घेतलेलं नव्हतं. तो गप्प होता, पण कागदोपत्री अजून काकूंचा दलालच होता. उद्या त्याने उरलेली सगळी नाणी एकदम कमी भावात फुंकून टाकली असती तर म्हणाला असता, तुम्हीच विकायला दिली होती ना? चांगल्या हेतूने, धंद्याच्या नेहमीच्या रीतीने, अशा दलालाकडून विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मालविक्री कायदा, १९३० चं कलम २७ संरक्षण देतं. नाणं एकदा तिसऱ्या माणसाच्या अल्बमात गेलं की परत येणं फार अवघड.

म्हणून पहिलं पत्र लिहिलं ते रागाचं नव्हतं. वकिलाचंही नव्हतं. काकूंच्या नावाने, साध्या मराठीत, दोन पानं. त्यातली मुख्य वाक्यं अशी होती:

"आपणांस दि. १९ जानेवारी २०२५ रोजी माझ्या नाशिक येथील राहत्या घरी विक्रीसाठी सोपविलेल्या ४६ नाण्यांपैकी ८ नाण्यांचा हिशोब मिळाला आहे. उर्वरित ३८ नाणी विकण्याचा आपणांस दिलेला अधिकार मी या पत्राने मागे घेत आहे. यापुढे त्यांपैकी एकही नाणे विकू नये, गहाण ठेवू नये वा अन्य कोणाकडे देऊ नये. हे पत्र मिळण्यापूर्वी आपण काही नाणी विकली असल्यास प्रत्येक नाण्याची विक्री तारीख, किंमत व जमा रक्कम कळवावी. न विकलेली नाणी सोबतच्या यादीप्रमाणे १५ दिवसांत माझ्या पत्त्यावर परत करावीत. आपले कमिशन वा खर्च येणे असल्यास पावत्यांसह लिहून द्यावे, योग्य ती रक्कम देण्यास मी तयार आहे."

शेवटचं वाक्य भाच्याला अजिबात आवडलं नाही. त्याला वाटलं, आपण कशाला पैसे देऊ करायचे? पण करार कायदा, १८७२ च्या कलम २२१ नुसार वेगळं काही ठरलं नसेल तर दलालाला आपलं कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत माल अडवून ठेवता येतो. पत्रात आपणच ते देऊ केलं की अडवणुकीचं ते कारण उरत नाही. पुढे त्याने खरंच फोटो आणि जाहिरातीचे ६,५०० रुपये मागितले. पावत्या मागितल्या तेव्हा एकही दाखवता आली नाही.

सोबतची यादी वहीवरूनच केली. ३८ नाणी, प्रत्येकाची टाकसाळ, वजन, ठसा असेल त्याचा फोटो, आणि काकांनी लिहिलेली किमान किंमत. चांदोरचे रुपये सात होते, म्हणजे आजच्या चांदवडच्या टाकसाळीतले. शिवराया चौदा. दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या शिवराईत एकीचं दुसरीशी साम्य इतकं असतं की ठशाशिवाय ती वेगळी काढणं कठीणच. पानांवर पानं फोटोकॉपी झाली. पत्र पोच पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवलं (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, पोच पावती हवी हे पोस्टाच्या खिडकीवर सांगावं लागतं). तेच पत्र व्हॉट्सअॅपवर आणि त्याच्या बिलावरच्या ईमेलवरही. पोच पावती सही होऊन आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद तो. कारण सोपवलेली वस्तू परत मागायच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत मागणी केल्यावर नकार मिळाला तिथपासून मोजतात, आणि "मागितलीच कधी?" हा प्रश्न त्या पिवळ्या कागदाने कायमचा मिटवला.

पंधरा दिवस गेले, उत्तर आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये वकिलांची नोटीस गेली. तिच्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्न. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तू विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो, परवानाधारकाला नोंदी आणि फोटो ठेवावे लागतात. नोटिशीत विचारलं, तुमचा परवाना क्रमांक काय आणि विकलेल्या नाण्यांची नोंद कुठे आहे? दोन, ग्रुपवरचा फोटो आणि वहीतला ठसा शेजारी शेजारी छापला. वकिलांनी मला आणखी एक काम लावलं, ते वेळेवर केलं याचं समाधान आहे. ग्रुपवरचा संदेश ज्या फोनवर आला तो फोन बदलायचा नाही, चॅट संपूर्ण एक्स्पोर्ट करून ठेवायची, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागणाऱ्या प्रमाणपत्राची तयारी ठेवायची. नुसता स्क्रीनशॉट पुढे केला की समोरचा म्हणतो, बनवलेला आहे.

नोटिशीलाही उत्तर नाही, पण ग्रुपवरची जाहिरात दोन दिवसांत गायब झाली.

नोव्हेंबरमध्ये पोलिसांकडे गेलो. पहिल्या भेटीत ऐकलं तेच जे सगळे ऐकतात: "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." दुसऱ्या भेटीत अर्ज बदलून नेला. पहिल्या अर्जात आम्ही फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही लिहिले होते. ते चुकीचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात या दोन गुन्ह्यांतला फरक पुन्हा ठासून सांगितला: फसवणुकीत सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू लागतो, विश्वासघातात वस्तू रीतसर सोपवलेली असते आणि अप्रामाणिकपणा नंतर येतो. आमच्याकडे दुसरं होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये ते बसतं, आणि दलाल म्हणून सोपवलेल्या मालाचा अपहार असेल तर त्याच कलमात शिक्षा बरीच जड आहे. नवीन अर्जात एवढंच लिहिलं: अमुक तारखेला सोपवलं, अमुक तारखेला अधिकार मागे घेतला, मे महिन्यात विकल्याचं सांगितलेलं नाणं ऑगस्टमध्ये त्याच्याकडेच दिसलं, हिशोब नाही, माल नाही. नाणी नाशिकला सोपवली आणि नाशिकलाच परत द्यायची होती, त्यामुळे त्याच्या शहरात जाऊन तक्रार करायची गरज नव्हती. ड्यूटीवरच्या अधिकारी बाईंनी वही उघडली, ठशांवरून बोट फिरवलं आणि आवक क्रमांक टाकून अर्ज घेतला. गुन्हा दाखल झाला नाही, तो टप्पा आलाच नाही. चौकशीसाठी डीलरला फोन मात्र गेला.

त्या संध्याकाळी सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्याने काकूंना आपणहून फोन केला. "काकू, तुम्ही आईसारख्या. एवढं कशाला केलंत? सगळं माझ्याकडे सेफ आहे." काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, सेफ आहे तर यादीप्रमाणे पाठवून द्या. आई म्हणताय तर यादी आईने केलीय असं समजा." मी समोर बसलो होतो. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मान्य करतो.

डिसेंबरमध्ये कॉलेज रोडला एका ज्येष्ठ संग्राहकांच्या ऑफिसात बैठक झाली. त्यांचा शब्द त्या डीलरच्या वर्तुळात चालतो आणि माझ्या मते तो तिथे येऊन बसला तो या एका माणसामुळे. नोटीस आणि अर्ज यांनी दडपण आलं हे खरं, पण या धंद्यात माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं भेटत राहतात. पुढच्या प्रदर्शनात टेबल मिळेल की नाही हे त्याला कुठल्याही कलमापेक्षा जास्त टोचत होतं. बैठकीत गुलशनाबादचा रुपया "सापडला". सौदा फिसकटला होता म्हणे. आठवड्यात पार्सल पाठवतो म्हणाला.

पार्सल आलं. आम्ही ते थेट सराफ बाजारात नेलं, काकांच्या त्याच पेढीवर. पाकिटाचं सील दाखवण्यापासून शेवटच्या नाण्यापर्यंत सगळं एका सलग व्हिडिओत घेतलं, मध्ये कट नाही. पेढीवरच्या मुलाने काटा शून्यावर आणला. मी वही उघडली. एक नाणं काट्यावर, वजन मोठ्याने वाचायचं, वहीतलं वाचायचं, मग ठशाशेजारी ठेवून खुणा बघायच्या. शिवराया चौदाच्या चौदा बरोबर. चांदोरचे सातपैकी पाचच आले. मग गुलशनाबाद. होल्डरवर डीलरने स्वच्छ अक्षरात टाकसाळीचं नाव लिहिलं होतं. काटा थांबला ११.०९ वर.

पेढीवरचा मुलगा म्हणाला, झिजला असेल. झीज होते, पण वर्षानुवर्षं बाजारात हातोहात फिरून. होल्डरमध्ये बंद पडलेल्या नाण्याची ११ महिन्यांत १८ सेंटिग्रॅम चांदी कुठे जाणार? मी भिंग लावलं. पाचच्या जागी कड सलग, गुळगुळीत. ठोकलेली खूण अशी निघून जात नाही, घासून काढली तर त्या जागी खळगा तरी दिसतो. आणि मधल्या ओळीतली अक्षरं वेगळ्याच जागी तुटली होती. टाकसाळ तीच, नाणं दुसरं. काकूंना मी काही सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हा आपला नाही." त्यांनी नाण्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं.

हिशोब असा झाला. ४६ पैकी ८ चे पैसे आधीच मिळाले होते. पार्सलमध्ये ३२ नाणी, त्यातली ३१ आपली, एक परकं. म्हणजे सात नाणी बाकी: मे महिन्यात विकल्याचं सांगितलेली उरलेली चार, चांदोरचे दोन, आणि गुलशनाबाद. व्हिडिओ आणि वजनाचा कागद ज्येष्ठ संग्राहकांनी डीलरला दाखवला तेव्हा त्याने कबूल केलं की मूळ रुपया सप्टेंबरमध्ये एका संग्राहकाला विकला गेला. सप्टेंबरच्या कुठल्या तारखेला, पत्र हातात पडण्याआधी की नंतर, हे त्याने कधीच लिहून दिलं नाही. चांदोरचे दोन जुलैतच गेल्याचंही तेव्हाच कळलं. मी थांबायला सांगितलेल्या महिन्यांत ते दोन गेले. पत्र जूनमध्ये गेलं असतं तर निदान हे दोन्ही वाचले असते असं मला वाटतं, आणि ते मनातून जात नाही.

त्या खरेदीदाराच्या मागे लागायचं नाही असं काकूंनी ठरवलं. त्याने चांगल्या भावनेने घेतलंय, त्याला कशाला कोर्टात ओढायचं, असं त्यांचं म्हणणं. कायद्याच्या बाजूनेही तो रस्ता कच्चाच होता. सातही नाण्यांची रक्कम काकांच्या वहीतल्या किमान किमतींप्रमाणे धरली, ४१,००० रुपये. कमिशन सोडायला डीलर तयार झाला. १७,००० लगेच, उरलेले २४,००० महिन्याला ८,००० प्रमाणे तीन हप्त्यांत.

तोंडी तडजोड मला मान्य नव्हती आणि साध्या स्टॅम्प पेपरवरही मी समाधानी नव्हतो, कारण हप्ता चुकला तर पुन्हा दावा लावणं आलंच. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज केला. शुल्क लागलं नाही. लोकअदालतीत दोघांच्या सह्यांनी निवाडा झाला. असा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. पैसे थकले तर नव्याने काही सिद्ध करायचं उरत नाही, थेट वसुलीला जाता येतं. ते परकं नाणं शेवटचा हप्ता येईपर्यंत काकूंकडे राहील आणि मग परत जाईल, हेही त्यात लिहून घेतलं. ग्राहक आयोगाचा पर्याय आम्ही बाजूला ठेवला होता. नाशिकलाच तक्रार करता आली असती, पण दलालीचा वाद तिथे किती ताणला जाईल याची वकिलांना खात्री नव्हती.

दोन हप्ते वेळेवर आले आहेत, तिसरा यायचा आहे. परकं नाणं एका पाकिटात बंद करून, वर वजन आणि तारीख लिहून, काकूंच्या कपाटात ठेवलंय. आलेली ३१ नाणी सध्या विकायची नाहीत असं त्या म्हणतात. परवा गेलो तेव्हा त्यांनी वही काढली आणि मला म्हणाल्या, "अरे, ते कागदावर घासायचं कसं, मला शिकव. ज्या पानांवर ठसा नाही ती राहिलीत." सहा पानं तशी होती. एका दुपारी चार झाली.